अक्कांचा उजवा पाय

पंगतीत एखाद्या पानाच्या बाजूनं सरळ पुढं आलेला पाय दिसला की वाढप्याची काय तारांबळ होते, ते मी इतकी वर्षं बघत आलेय. पाय ओलांडायचा नसतो, म्हणून तो थबकतो. आमटीची बादली या हातातून त्या हातात घेतो, पायाकडे बघतो, मग पायाच्या मालकिणीकडे बघतो आणि वळसा घालून पलीकडून वाढतो. जाताना काहीतरी पुटपुटतो. ती मालकीण मी. पण बरीच वर्षं माझ्या शेजारी असाच दुसरा एक पाय असायचा, त्यामुळे वाढप्याचा राग दोघींत वाटला जायचा. आता तो सगळा मला एकटीला पचवावा लागतो. मला अक्कांची फार आठवण येते, आणि ती नेमकी जेवताना येते.

अक्का म्हणजे आमच्या डॉक्टर. लहान मुलाच्या हाडाला कॅन्सर झाला की पाय कापायचा, असाच पूर्वी रिवाज होता. अक्का शक्यतो कापायच्या नाहीत. हाडाचा रोगट तेवढा भाग काढायच्या, त्या जागी धातूचं हाड बसवायच्या आणि पाय पोराचा पोराकडे ठेवायच्या. काहींचा वाचायचा नाही. त्या दिवशी त्या ऑपरेशन करून बाहेर आल्या की कुणाशी बोलत नसत, आणि त्यांच्याशी बोलायला जाण्याइतकं वेडं वॉर्डात कुणी नव्हतं. घर लिंगायताचं, आईचं माहेर सीमेपलीकडचं, कानडी, त्यामुळे धाकटी भावंडं त्यांना अक्का म्हणायची. तेच नाव दवाखान्यात आलं. शिकलेल्या बाईला कोल्हापुरात मॅडम म्हणायची पद्धत आहे, पण यांना मॅडम म्हटलं की त्या मागं वळून बघायच्या, कुठली मॅडम आली म्हणून.

त्या जमिनीवर बसायच्या. तपासायच्या खोलीत टेबल होतं, फिरती खुर्ची होती, पण खुर्चीवर पोरांचे आईबाप. अक्का भिंतीला टेकून सतरंजीवर, डावा पाय दुमडलेला आणि उजवा समोर सरळ पसरलेला. पोरानं त्या पसरलेल्या पायाच्या शेजारी आपला पाय पसरून बसायचं. नव्यानं आलेल्या माणसांना त्या आयाबाई वाटायच्या. माझ्या अण्णांनीसुद्धा पहिल्या दिवशी विचारलं होतं, डॉक्टर कधी येणार ओ मावशी. अक्का म्हणाल्या, येतील की, बसा. आणि माझा गुडघा दाबायला लागल्या. अण्णा पुढं कितीतरी वेळ दाराकडे बघत होते.

माणसांचे चेहरे त्यांच्या डोक्यात राहायचेच नाहीत. चाल राहायची. जिन्यावर पाऊल वाजलं की आत बसून सांगायच्या, गडहिंग्लज आलं. पोरांना त्या गावाच्याच नावानं ओळखायच्या. मी बिद्री. आमचं गाव बिद्री नव्हे, बिद्रीच्या अलीकडचं. अण्णांनी एकदा तसं सांगूनही बघितलं. अक्का म्हणाल्या, कारखान्याचा भोंगा ऐकू येतोय न्हवं तुमच्यात, मग बिद्रीच. एकदा लक्ष्मीपुरीत भर बाजारात मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, हसले, नाव सांगितलं. त्यांनी परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. मला वाईट वाटलं. मी तशीच निघाले, आणि थोडी पुढं गेल्यावर मागून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी हाक आली, "ए बिद्री, टाच घसटालीस, चप्पल बघ आधी." तेव्हापासून त्या कुठं भेटल्या की मी आधी त्यांना चालून दाखवायची, मग बोलायची.

माझं दुखणं उजव्या गुडघ्याच्या वर होतं. मी शाळेच्या खो-खो संघात होते, त्यामुळे तिथं सूज आली तेव्हा घरानं, शाळेनं आणि गावानं मिळून ठरवून टाकलं की खेळताना लागलंय. आमच्याकडं काहीही सुजलं की ते चोळायचं असतं. आमच्या तालमीतल्या वस्तादांच्या हाताला गुण होता. लचक, मुरगळ, निखळलेला खांदा, सगळं त्यांच्याकडं. त्यांनी बिचाऱ्यांनी कसलाही मोबदला न घेता रोज सकाळी तेल लावून माझा पाय चोळला. सूज वाढत गेली. अक्कांनी पहिल्याच दिवशी विचारलं, कुणी चोळलं. अण्णांनी मान खाली घातली. या रोगात चोळणं म्हणजे निखाऱ्यावर फुंकर घालणं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

दुसरं कुणी असतं तर वस्तादांच्या नावानं बोटं मोडून मोकळं झालं असतं. अक्का एका रविवारी गाडी काढून सरळ आमच्या गावात गेल्या. तालमीच्या दारात, मातीच्या कडेला, पाय पसरून बसल्या आणि वस्तादांशी वाटणी करून आल्या. "खेळताना दुखलं आणि झोपल्यावर थांबलं, तर तुमचं. पोर झोपलं तरी दुखतंय, तर माझं. त्याला तेलाचं बोट लावायचं न्हाय." वस्तादांनी ते पाळलं. पुढं त्यांच्याकडून एखादं पोर आलं की सोबतच्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, वस्तादांनी चोळला न्हाय, तसाच पाठवलाय. वस्तादांना माझ्याबद्दल फार लागून राहिलं होतं. मी बरी होऊन गावात गेले तेव्हा ते माझ्या पायाकडे न बघता माझ्याशी बोलले.

ऑपरेशनच्या आधी औषधं होती, सलाइनमधून. त्यातलं एक लाल रंगाचं. ते दिसलं की वॉर्डातली सगळी पोरं तोंड फिरवायची. केस गेले, तोंड आलं, भात गिळता येईना. अक्का संध्याकाळी यायच्या, कोटाच्या खिशातून भडंग काढून एकट्याच खात बसायच्या आणि आमच्यातल्या कुणालाही खा म्हणून आग्रह करायच्या नाहीत. घरचे सगळे दिवसभर खा, खा करत असायचे. न खाण्याची मोकळीक फक्त अक्कांजवळ होती. त्यामुळे हळूहळू आम्हीच त्यांच्याकडे एखादा दाणा मागायला लागलो.

मग ऑपरेशनचा दिवस ठरवायची वेळ आली. अक्कांनी आई-अण्णांना आणि मला एकत्र बसवून सांगितलं. पाय राहील, चालता येईल, जिना चढता येईल. पण उकिडवं बसता यायचं नाही आणि मांडी घालता यायची नाही. खो-खो संपला. आई म्हणाली, चुलीपुढं कशी बसंल. अण्णा म्हणाले, पंगतीत कशी बसंल. माझ्या डोक्यात खो-खोच होता. खो-खो म्हणजे काय, तर चौकोनात उकिडवं बसून पाठीवर थाप पडायची वाट बघायची. तेच जाणार होतं. मी चौदा वर्षांची होते, डोक्यावर एक केस नव्हता आणि हट्ट मात्र होता तेवढाच होता. मी सांगितलं, मला तसला पाय नको. आहे तो असाच राहू दे. तो असाच राहिला तर मी राहणार नव्हते, हे कुणी मला तोंडानं सांगितलं नव्हतं. अण्णा भिंतीकडं तोंड करून रडत होते, त्यावरून अंदाज आला होता.

अक्कांनी दोघांना बाहेर पाठवलं आणि मला खाटेवरून खाली बोलावलं. त्या सतरंजीवर, त्यांच्या नेहमीसारख्या. मी समोर. मी त्यांच्या पसरलेल्या पायाकडे बघत राहिले. तो मी कधीच दुमडलेला बघितला नव्हता. एकाएकी माझ्या डोक्यात उजेड पडला.

"तुमचा दुखतो का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या पायाकडं. "सवय झालीया."

"पंगतीत कशा बसता?"

"अशीच बसतो की. माझं काय अडलंय?"

आमच्याकडच्या बायका येतो, जातो, बसतो असंच बोलतात, आणि डॉक्टर होऊनही अक्कांचं ते सुटलं नव्हतं. मी त्यांना नीट बघून घेतलं. ही बाई सगळ्या दवाखान्याला दटावते, गाडी चालवते, भडंग खाते, हिला कुणी बिचारी म्हणत नाही. आणि हिलाही माझ्यासारखाच पाय आहे. मी त्याच दुपारी हो म्हटलं. पाय वाचवायला म्हणून नव्हे. तसा पाय असला की माणूस अक्का होतो, असं मला वाटलं होतं.

ऑपरेशन झालं, पुन्हा औषधं झाली, चालायला शिकवून झालं. घरी सोडायचा अक्कांचा रिवाज मात्र जगावेगळा होता. टाके निघाले, एक्स-रेचा फोटो चांगला आला, एवढ्यावर त्या कुणाला सोडायच्या नाहीत. पंगत व्हायला लागायची. दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात पट्ट्या अंथरायच्या, पत्रावळ्या मांडायच्या. भात, आमटी, एखादी भाजी आणि शिरा. नर्सा, सफाईवाल्या मावश्या, भूल देणारे साहेब टाय सावरत, बाकीच्या पोरांचे नातेवाईक, सगळे खाली एका ओळीत. मधे ते पोर, पाय पसरून. शेजारी अक्का, पाय पसरून. पोरानं पहिला घास घ्यायचा, मग बाकीच्यांनी. दवाखान्याच्या व्यवस्थापनानं दोनतीनदा हरकत घेतली, हे काय लग्नघर आहे का म्हणून. अक्का म्हणाल्या, ही तपासणी आहे. आणि खरंच त्या तपासत असायच्या. जेवताना त्यांचं सगळं लक्ष पोराच्या तोंडाकडं. पोर खाली मान घालून खायला लागलं की सोडायचं पुढं ढकलायचं. मान वर करून, शेजारच्याशी भांडत, जास्तीचा शिरा मागून खायला लागलं की निघाली गाडी गावाला. मी पहिल्या पंगतीत नापास झाले, दुसरीत पास.

त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रसंग आमच्याच गावातला. मी घरी आल्यावर गावजेवण होतं आणि अण्णांनी अक्कांना बोलावलं होतं. देवळासमोर पंगती बसल्या. आम्ही दोघी शेजारी शेजारी, दोन पाय पुढं. आमच्या भावकीतले एक आजोबा वाढप्यांवर देखरेख करत फिरत होते. ते आमच्यासमोर थांबले. माझ्याकडं बघून गप्प बसले, आजारी पोर म्हणून. मग अक्कांना म्हणाले, "बाई, पाय घ्या आत. समोर अन्न हाय."

अक्कांनी वर बघितलं. आवाजात राग नाही की लाज नाही. "काका, पाय न्हाय येत आत. मी येऊ का भाईर?"

पानावर बसलेल्या माणसाला, तेही डॉक्टरला, ऊठ कसं म्हणणार? आजोबा बसा बसा म्हणत पुढं गेले. पुढच्या पानावरून त्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं, आणि आमटीवाल्याला ओरडून सांगितलं की पोरींना पलीकडनं वाढ. त्या दिवसापासून आमच्या गावात माझ्या पायाबद्दल कुणी बोललं नाही. अक्कांच्या पायाबद्दल मात्र सगळ्यांना सगळं कळलं. लहानपणी त्यांनाही हेच झालेलं, त्यांच्याही पायात लोखंड आहे, म्हणून तर त्या या डॉक्टरकीत पडल्या. ही गोष्ट गावोगाव गेली. वॉर्डात नवी आई रडायला लागली की जुनी आई तिला हेच सांगायची. मी स्वतः किती जणींना सांगितलं असेल, त्याला गणती नाही. सांगताना मला फार अभिमान वाटायचा, जणू आमच्या घराण्याचीच गोष्ट.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्या कसबा बावड्याच्या घरी गेले. त्या आणि त्यांची धाकटी बहीण, दोघीच राहायच्या. बहिणीला आम्ही मावशी म्हणायचो. पुढचं दार बंद दिसलं म्हणून मी घराला वळसा घालून परसात गेले. अक्का परसातल्या फरशीवर बसून पावटा सोलत होत्या. छान ऐसपैस मांडी घालून. उजवा पाय डाव्याखाली पार मुडपलेला, मांडीवर सूप.

त्यांनी मला बघितलं आणि उजवा पाय ताडकन पुढं सरळ झाला. सूप उलटलं. पावट्याचे दाणे फरशीभर झाले. मावशी चुलीपासनं हसायला लागली, आता कशाला लपवालीस म्हणाली.

मी पेढ्यांचा पुडा हातात धरून तशीच उभी. "म्हणजे तुमचा पाय?"

"चांगला हाय," अक्का म्हणाल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण मला फसवून पाय घेतलात, हे म्हटलेलं आठवतं. अक्का दाणे गोळा करत होत्या. "घेतला न्हाय. ठेवला," एवढंच म्हणाल्या. मी तुमच्यासारखी आहे असं त्या कधी म्हणाल्या होत्या का? नव्हत्या. मी पुढं कितीदा तरी आठवून बघितलंय. कधीच म्हणाल्या नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या.

मग त्यांनी मला शाहूवाडीच्या मुलीची गोष्ट सांगितली. अक्का नव्यानं कोल्हापुरात आल्या तेव्हा त्यांनी वाचवलेला हा पहिला पाय. फोटो असा सुंदर की अक्का तो उजेडाला धरून पुन्हा पुन्हा बघायच्या. त्या मुलीच्या भावाच्या लग्नाला त्या हौसेनं गेल्या. पंगत बसली, मुलगी कुठं दिसेना. ती आत स्वयंपाकघरात, दाराआड, भिंतीकडं तोंड करून एकटी जेवत होती. तिला कुणी उठवलं नव्हतं. वडीलधाऱ्यांच्या आणि पानाच्या समोर पाय पसरायचा नसतो हे तिला ठाऊक होतं, म्हणून तीच आपण होऊन आत गेली होती. "पाय वाचवला म्हणून मी मिरवत गेलतो," अक्का म्हणाल्या, "आणि पोरगी मी पंगतीतनं उठवली हुती." त्या स्वयंपाकघरात गेल्या, तिला हाताला धरून बाहेर आणलं, पंगतीत बसवलं आणि शेजारी स्वतः पाय पसरून बसल्या. तेव्हापासून लोकांत त्यांनी तो पाय कधी आत घेतला नाही.

मला हे सगळं कळलं, पटलंही असावं, तरी राग गेला नाही. मी विचारलं, मग घरात कशाला मांडी घालता. त्या पहिल्यांदाच चिडल्या. "घरात तरी मी माझी असू दे की."

मी पेढे कट्ट्यावर ठेवले आणि चहा न घेता निघाले. फाटकाजवळ पोचल्यावर मागून हाक येईल, चाल सुधार म्हणून, असं वाटलं होतं. आली नाही.

पण अक्कांवर रुसून किती दिवस राहणार? पुढच्या तपासणीला गेले, त्यांनी व्हरांड्यात चालवलं, रोग छातीत उतरला नाही ना म्हणून तिथला फोटो बघितला, आणि भडंगाची पुडी पुढं केली. मी मूठभर घेतलं. परसातल्या गोष्टीबद्दल त्या बोलल्या नाहीत, मीही नाही. मी ती कुणालाच सांगितली नाही. वॉर्डात नव्या आया रडत होत्याच, आणि जुन्या आया त्यांना लोखंडाची गोष्ट सांगत होत्याच. मी मधे पडून काय मिळवणार होते?

माझ्या लग्नातही त्या होत्या. होमाला बसताना माझा पाय अग्नीच्या बाजूला पुढं येणार, यावरून सासरच्या मंडळीत कुजबुज चालू होती. अक्का जरीच्या साडीत उठल्या, मांडवाच्या अगदी पुढच्या कडेला सगळ्यांना दिसेल अशा खाली बसल्या आणि पाय पसरला. सासूबाईंची नजर माझ्यावरून उठून त्यांच्यावर गेली ती शेवटपर्यंत तिथंच राहिली. सासूबाई आजही विचारतात, त्या पाय पसरणाऱ्या बाई कशा आहेत. त्यांच्या लक्षात राहत नाही, आणि मला सांगवत नाही.

अलीकडं अक्का काठी घेऊन चालायच्या. उजवा गुडघा आखडत आखडत पार ताठ झाला होता. मला वाटलं, वय. त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर मागं लागले होते की आम्ही गुडघा बदलून देतो. अक्का म्हणायच्या, तुम्हाला मीच शिकवलंय, म्हणून तर भ्या वाटतंय. मी आता शाळेत शिकवते, मुलींच्या खो-खोला पंच असते. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून त्या दोन-तीनदा सामना बघायला आल्या. खेळ कळत नव्हता. पोरी चौकोनात उकिडव्या बसल्या की त्यांच्या गुडघ्यांकडं बघत राहायच्या. एकदा म्हणाल्या, "बिद्री, किती सोपं वाटतंय न्हवं बघायला." मी शिट्टी वाजवली.

थंडी सुरू झाली आणि एका सकाळी मावशीचा फोन आला. मी शाळेतून तशीच बावड्याला गेले.

लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. घराच्या पुढच्या सोप्यात अक्कांना भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळाला विभूती. अंगण माणसांनी भरलं होतं आणि त्यात कितीतरी जण असे, की ज्यांच्या चालीवरून अक्कांनी आत बसून गाव सांगितलं असतं. डावा पाय दुमडला होता. उजवा दुमडत नव्हता. घरातले दोघं गुडघ्यावर हात ठेवून दाबत होते, विधी करणारे अय्या बाजूला थांबले होते. दाबणाऱ्यानं अंगाचा भार टाकला तसा मागून कुणीतरी बोललं, "दाबू नकासा. आत लोखंड हाय. अक्कांचं बी ल्हानपणी झालंय." अंगणातली माणसं माना हलवायला लागली. सगळ्यांना ठाऊक होतं.

मावशीनं तोंड उघडलं आणि माझ्याकडं बघितलं. त्या पायात लोखंड नव्हतं, हे त्या गर्दीत बहुधा आम्हा दोघींनाच माहीत होतं. जोर लावला असता तर तो पाय आत आला असता, आणि सगळं रीतीप्रमाणं झालं असतं. मी मावशीजवळ सरकले. ती हळू आवाजात म्हणाली, "तू पेढे घेऊन आलतीस बघ. त्या दिवसापासनं घरात बी मांडी घातली न्हाय तिनं. मी म्हटलं, आता कोण बघतंय? तर म्हणती, मागच्या दारानं कोण येईल सांगता येत न्हाय."

 घरात तरी मी माझी असू दे, असं म्हणालेली बाई. तेवढंही तिनं माझ्यापायी सोडून दिलं होतं, आणि मला वाटलं होतं, वय.

मी पुढं झाले आणि दाबणाऱ्याचा हात धरला. अय्यांना म्हटलं, हा पाय असाच असतो, असाच राहू द्या. अय्या म्हातारे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या चालीकडं बघितलं, अंगणातल्या सगळ्यांकडं बघितलं. मग रुद्रभूमीत खणणाऱ्यांना निरोप पाठवला की खड्डा पुढच्या बाजूला हातभर वाढवा.

दुपार कलताना अक्कांना खाली बसवलं. पाठ मातीला, डावा पाय आत, उजवा समोर सरळ, वाढवलेल्या जागेत नेमका बसलेला. सूर्यप्रकाश त्या पायापर्यंत पोचत होता. बेलपत्रं टाकली, विभूती टाकली, मग एकेक जण माती द्यायला यायला लागला. माझी पाळी आली. उभ्यानं टाकायची नव्हती मला, त्यांच्या हाताशी टाकायची होती. मी काठाला बसले, मला बसता येतं तशी, आणि माझा पाय काठावरून पुढं आला.

कुदळ घेऊन उभा असलेला माणूस पुढं झाला. "बाई, पाय घ्या आत. काठ ढासळंल."

मी माती मुठीत धरून वर बघितलं.

"काका," मी म्हटलं, "पाय न्हाय येत आत."